वॉरंटीतलं इंजिन तुमच्या माघारी खोलू देऊ नका

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दहाचाकी गाडी, 1,38,000 किलोमीटर, वॉरंटी अजून शिल्लक. घाटात ओढ गेली, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर, ऑइल खायला लागली. वर्कशॉपने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलंय; चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी, अजून बंद आहे. एरिया मॅनेजर फोनवर म्हणतो, "धूळ गेलीय, एअर फिल्टर बाहेरचा आहे, कंपनीचा नाही, क्लेम बसत नाही." आणि साडेचार लाखांच्या एस्टिमेटवर सही केल्याशिवाय पुढे हात लावणार नाही म्हणतात. तुमची कंपनी वेगळी असेल, जिल्हा वेगळा असेल, पण हे बोलणं मी जवळजवळ शब्दाला शब्द ऐकलेलं आहे.

मी वकील नाही. कराडकडून न्हावा शेव्याला साखर ओढणारा एका गाडीचा मालक आहे, चालवतोही मीच. म्हणून कायद्याबद्दल जे लिहीन ते वकिलाला विचारूनच वापरा. इंजिनाबद्दल जे लिहीन ते मात्र पैसे मोजून शिकलेलं आहे. सर्व्हिस बुक, बिलं, वॉरंटीची मागची बारीक अक्षरातली पानं हे सगळं तुम्ही काढून ठेवलंच असणार, त्यावर लिहीत नाही.

चेंबर अजून बंद आहे, ही आज तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आज रात्रीच वर्कशॉपला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल टाका, उद्या तेच स्पीड पोस्टाने पाठवा. फार सजवू नका, एवढं पुरे: "माझ्या आणि माझ्या तज्ज्ञाच्या हजेरीशिवाय इंजिन पुढे खोलू नये. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, इंजेक्टर आणि काढलेला कोणताही भाग धुऊ नये, टाकून देऊ नये, बाहेर पाठवू नये. इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधल्या फॉल्ट कोडची प्रिंट मला द्यावी. संयुक्त तपासणीची तारीख लेखी कळवावी." खाली गाडीचा नंबर, जॉब कार्ड नंबर, मीटर रीडिंग.

यावर एवढा जोर का देतोय ते सांगतो. माझी गाडी खंबाटकी चढताना बसली. टो करून अधिकृत वर्कशॉपला लावली. जॉब कार्डवर मी "ओढ नाही, ब्रीदर मारतोय, तपासून कळवणे" असं लिहून घेतलं होतं. कळवणे असा शब्द आहे त्यावर. मला फोन आला तो थेट "इंजिन खोललंय, बघायला या" असा. गेलो तर सहाही पिस्टन, रिंगा, बेरिंगा ट्रेमध्ये मांडून ठेवलेल्या, डिझेलने धुऊन चकाचक. ऑइल सगळ्या गाड्यांच्या जळक्या ऑइलच्या बॅरलमध्ये गेलेलं. एअर फिल्टर कुठे आहे ते कोणालाच सांगता येईना. आणि पंधरवडा उलटायच्या आत कंपनीच्या विभागीय कार्यालयाचा निर्णय आला: देखभालीअभावी इंजिनात धूळ शिरल्याने झीज, वॉरंटी लागू नाही. ज्या धुळीवर क्लेम नाकारला, ती धूळ त्यांच्याच माणसांनी धुऊन काढली होती.

त्या विभागीय कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पण त्यांची पद्धत लिहितो, कारण तुम्हालाही तिथूनच जावं लागणार आहे. तिथे कोणी काही कागदावर देत नाही. वर्कशॉप म्हणतं निर्णय वरून आला, आम्ही फक्त फोटो पाठवले. कार्यालय म्हणतं आम्ही वर्कशॉपच्या अहवालावर चालतो, तुम्ही त्यांच्याशी बोला. अहवाल मागितला तर "अंतर्गत कागद आहे". नकाराचं पत्र मागितलं तर "सिस्टिममध्ये रिजेक्ट दिसतंय, तेच उत्तर समजा". साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब बदलले. नवीन साहेब आले की पहिल्यापासून गोष्ट सांगायची. इकडे फायनान्सवाल्याचा हप्ता महिन्याच्या त्याच तारखेला येतो, विमा चालू, कारखान्याचा हंगाम चालू आणि माझ्या जागी दुसऱ्याची गाडी लागलेली. मोठमोठे शोरूम उभे करणाऱ्यांना एका पानाचं सही-शिक्क्याचं पत्र देता येत नाही, हे मला आजही पटत नाही. अहो साहेब, तो गिऱ्हाईक तुमचीच चाळीस लाखांची गाडी घेऊन तुमच्या दारात आला होता. त्याचा दावा खोटा वाटत असेल तर तसं लिहून द्यायची तरी हिंमत ठेवा.

म्हणून तोंडी नकार तुम्ही धरूच नका. मेल करा: "आपण अमुक तारखेला फोनवर क्लेम नाकारल्याचं सांगितलं. कारण, वॉरंटीतील कलम आणि तपासणी अहवाल लेखी द्यावा." उत्तर नाही आलं तरी तो मेल पुढे कामाला येतो.

आता धुळीबद्दल. एअर फिल्टरमधून खरंच धूळ गेली तर ती एका सिलिंडरला निवडून जात नाही. कमीजास्त सगळेच लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळकांडी) झिजतात, वरच्या बाजूला जास्त, आणि पिस्टनवरची पहिली रिंग सगळ्यात आधी संपते. टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) हवा ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसतात. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या रबरी पाइपात आतून बोट फिरवलं की बारीक मातीचा थर लागतो. ऑइलच्या लॅब रिपोर्टमध्ये सिलिकॉन वाढलेलं येतं आणि बरोबर लोहही. (नुसतं सिलिकॉन सीलंटमुळेही थोडं दिसू शकतं, हे लॅबवाल्यालाच विचारा.) हे सगळं जुळत असेल तर भाऊ, कटू वाटेल पण त्यांचं म्हणणं खरं असण्याची शक्यता आहे, आणि मग भांडायचा मुद्दा एवढाच उरतो की धूळ शिरली कुठून: तुमच्या फिल्टरमधून, की त्यांनी सर्व्हिसला नीट न आवळलेल्या क्लॅम्पमधून.

पण एकच सिलिंडर खराब असेल, बाकीच्या लायनरवर होनिंगच्या (लायनर बनवतानाच आतून मारलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसत असतील, टर्बोची पाती धड असतील, तर धूळ हे कारण गळ्याखाली उतरत नाही. तेव्हा त्या सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारा भाग, आधी बघा. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीत, हजार बारच्या वर दाब असतो. इंजेक्टरचं टोक (नोझल) टपकायला लागलं की डिझेल लायनरवरची ऑइलची फिल्म धुऊन टाकतं आणि रिंग-लायनर कोरडे घासतात. बीएस-6 गाडीत डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) रिजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकणं, पुन्हा पुन्हा अर्धवट राहत असेल तरीही डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. फॉल्ट कोडची प्रिंट मागा म्हणतोय ती यासाठीच. किती वेळा रिजनरेशन अडकलं, कोणत्या सिलिंडरचा कोड आला, कधी आला, हे त्यात निघतं. वर्कशॉपने कोड क्लिअर केले की गेलं सगळं.

माझ्या इंजिनात हेच झालं असणार असं मला आज वाटतं, पण सिद्ध करता येत नाही. पैसे भरून इंजिन बांधून घेतलं, जुने इंजेक्टर न तपासताच परत बसवले गेले, आणि पुढच्या हंगामात तिसऱ्या सिलिंडरने पुन्हा ऑइल खायला सुरुवात केली. बाहेरच्या डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याने तो इंजेक्टर तपासणीच्या बेंचवर लावला तेव्हा तो टपकत होता. पहिल्या वेळेला मी समोर असतो आणि काही धुतलं गेलं नसतं तर हे तेव्हाच कळलं असतं. एस्टिमेटचे पैसे एकदाचे सोसता येतात, पण मूळ कारणच न सापडल्यामुळे तेच काम पुन्हा करावं लागलं, तो फटका मोठा होता.

म्हणून खोलताना हजर राहा आणि सोबत जाणता माणूस न्या. नुसता ओळखीचा फिटर नेऊ नका, पुढे त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. परवानाधारक मोटार सर्व्हेयर किंवा इंजिनिअरिंग कॉलेजातले मेकॅनिकलचे प्राध्यापक बघा, लेखी अहवाल देणारे. ऑइल काढताना मधल्या धारेतून स्वच्छ बाटलीत दोन नमुने घ्या, दोघांच्या सह्यांचं सील लावा, एक एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबला, एक तुमच्याकडे. ऑइल फिल्टर कापून आतल्या घडीतला कचरा बघा. सगळं सलग व्हिडिओत घ्या. ते म्हणतील वर्कशॉपमध्ये शूटिंगला परवानगी नाही. मग तेही मेलवर मागा.

बाहेरच्या फिल्टरचं म्हणाल तर "बाहेरचा आहे" एवढ्यावर वॉरंटी जाऊ नये असं माझं मत आहे, त्या फिल्टरमुळेच बिघाड झाला हे त्यांनी दाखवलं पाहिजे. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीला हरकत घेतली होती. तो आदेश कारपुरता होता आणि पुढे अपिलात गेला, त्यामुळे त्यावर सगळी मदार ठेवू नका.

ग्राहक आयोगाबद्दल लोक तुम्हाला सांगतील, "ट्रक म्हणजे धंदा, केस बसत नाही." अर्धवट माहिती आहे ती. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्यातून वगळली आहे हे खरं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वगळलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात, स्वतः चालवायला ट्रक घेणाऱ्याचं उदाहरणच दिलं आहे. तुमची एकच गाडी आहे आणि घर तिच्यावर चालतं, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. चार-पाच गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असतील तर मात्र आधी वकिलाशी नीट बोला.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, बिलावर कुठल्याही शहराच्या कोर्टाचं नाव छापलेलं असो. गाडीची किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. 20 ते 50 लाखांच्या गाडीला फी फक्त 1,000 रुपये. मुदत दोन वर्षांची, "साहेब बघतो म्हणाले" यात ती घालवू नका. वर्कशॉप आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा आणि कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका कारच्या खटल्यात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या कृत्यासाठी उत्पादक कंपनीला जबाबदार धरलं नाही, कारण कंपनीविरुद्ध वेगळं काही दाखवलं गेलं नव्हतं.

आणखी एक, जे माझ्या पहिल्या वकिलाच्याही लक्षात आलं नव्हतं. नव्या कायद्यातल्या "उत्पादन दायित्व" (सदोष वस्तूमुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला झालेली हानी) प्रकरणाच्या नादी लागू नका. तिथे वस्तूचं स्वतःचं नुकसान आणि धंद्याचा तोटा व्याख्येतूनच वगळलाय. तक्रार सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी यावर उभी करा. माझ्या मते "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट" हा एकच धोशाही धरू नये, तो तुम्हाला तज्ज्ञाकरवी सिद्ध करावा लागतो. "वॉरंटी होती, बिघाड झाला, नाकारण्याचं कारण त्यांनी सिद्ध केलं नाही" हे आधी मांडा. आयोगाने नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवावा असा अर्ज कलम 38 खाली सुरुवातीलाच द्या, पार्ट हातात असेपर्यंतच त्याला अर्थ आहे.

माझ्या केसमध्ये कंपनीला धुळीचा एकही पुरावा देता आला नाही, पार्ट स्क्रॅप केल्याचं त्यांनीच लिहून दिलं होतं. जिल्हा आयोगाने दुरुस्तीचं बिल व्याजासह द्यायला सांगितलं. गाडी उभी राहिल्याचं नुकसान मिळालं नाही. कंपनी निम्मी रक्कम भरून राज्य आयोगात अपिलात गेली, अजून तिथेच आहे. तुम्ही उभ्या गाडीचा पुरावा आजपासून गोळा करा: फास्टॅगचं स्टेटमेंट (आधीच्या महिन्यांतल्या फेऱ्या आणि आताची शांतता दोन्ही दिसतात), जुन्या ई-वे बिलांच्या प्रती, हप्त्यांचा तपशील, आणि गाडी बंद असल्याची आरटीओला लेखी सूचना.

थोड्या दिवसांनी "गुडविल" म्हणून पार्टचे अर्धे पैसे कंपनी देईल, मजुरी तुमची, असा प्रस्ताव येईल. घ्यायला हरकत नाही, हप्ता थकलेला माणूस किती ताणणार? पण "पूर्ण व अंतिम, यापुढे तक्रार नाही" अशा कागदावर सही मागतील तेव्हा आधी दोन गोष्टी त्याच कागदात लिहून घ्या: सहाही इंजेक्टर बेंचवर तपासून रिपोर्ट देणार, आणि बदललेल्या भागांना नव्याने वॉरंटी किती. एस्टिमेटवर सही करायचीच वेळ आली तर "हक्क राखून, निषेधासह" असं स्वतःच्या हाताने लिहून मगच करा आणि तिथेच फोटो काढा.

1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, फुकट आहे. माझं काम त्याने झालं नाही, पण कंपनीचं पहिलं लेखी उत्तर मला तिथूनच मिळालं.

जॉब कार्डवर त्यांनी तक्रारीच्या रकान्यात नेमके कोणते शब्द लिहिलेत ते इथे टाका, नाव-नंबर झाकून. आणि हेड उतरवलं तेव्हा पिस्टनच्या डोक्यांचे फोटो काढले असतील तर तेही. एकच पिस्टन वेगळा दिसतोय की सगळे सारखे, एवढं कळलं तरी पुढचं सांगता येईल.