मुरबाडला पॉलीहाऊस टाकताय ना, मग पैसे मागायच्या आधी हे वाचा

दादा, पॉलीहाऊसचा, म्हणजे प्लास्टिकच्या आच्छादनाखाली शेती करायचा विचार चांगलाय, नक्की करा. पण सुरुवातीलाच एक एकराचा प्रोजेक्ट दाखवून ठाण्याच्या मित्रांकडे पैसे मागू नका, आधी 10 गुंठ्यांवर म्हणजे साधारण 1000 स्क्वेअर मीटरवर काकडी किंवा रंगीत ढोबळीचं एक पीक पूर्ण काढा आणि वाशी एपीएमसीच्या (घाऊक बाजाराच्या) पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, जपून ठेवा. पैसे देणारा माणूस त्या पट्ट्याच बघतो, पीपीटी नाही. मी पहिल्यांदा फक्त एक्सेल घेऊन गेलो होतो, कोणी दारात उभं केलं नाही.

नवीन लोक हमखास इथे चुकतात:

- सबसिडी हातातच आहे असं धरतात. महाडीबीटीवर (सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज, मग पूर्वसंमती, त्यानंतरच काम सुरू करायचं, आणि पैसे येतात शेड उभं राहून तपासणी झाल्यावर. तोवरचा खर्च आपलाच, तो हिशोबात धरा.
- "जमिनीत हिस्सा देतो" म्हणतात. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, सातबाऱ्याला हात लावू नका, उत्पन्नातल्या वाट्याचा करार वकिलाकडून करून घ्या.
- फिक्स रिटर्नची गॅरंटी देऊन दहा जणांकडून पैसे उचलतात. हे अजिबात नको, 2019 च्या डिपॉझिट कायद्यात (परवानगीशिवाय लोकांकडून ठेवी घ्यायला बंदी घालणाऱ्या) अडकाल.

आणि आपल्या पावसाचं खरं सांगा, जून ते सप्टेंबर दमट हवेत भुरी-करपा हे रोग येतात, वाऱ्याने पेपर (वरचं प्लास्टिक) फाटतो, म्हणून विमा आणि पेपर बदलायचा खर्च कागदावर आधीच दाखवा, लपवलंत तर पुढच्या वर्षी तोच माणूस फोन उचलणार नाही.

जमलं तर तळेगाव दाभाडेला पॉलीहाऊसचं ट्रेनिंग करून या. फर्टिगेशन (ठिबकच्या पाण्यातून खत देणं), ऑटोमेशन वगैरे नंतर बोलू.