सेफ्टी रेझरने दाढी केल्यावर मानेवर पुटकुळ्या येतात. रेझर बदलावा, क्रीम बदलावे की पद्धत?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही लातूरला राहता, घरी बोअरचे पाणी वापरता, ब्रश, साबण आणि सेफ्टी रेझर अशी जुन्या पद्धतीची दाढी सुरू करून काही महिने झाले, तीन-चार कंपन्यांची पाती बदलून पाहिली, तरीही हनुवटीखाली पुटकुळ्या येतात आणि दिवसभर जळजळ होते. माझे स्पष्ट मत असे आहे की सध्या रेझरही बदलू नका आणि क्रीमही बदलू नका. मी परभणीचा आहे आणि बरीच वर्षे याच पद्धतीने दाढी करतो. आपल्या भागातल्या माणसाने सर्वांत आधी पाणी पाहावे, त्यानंतर मानेवरच्या केसांची दिशा पाहावी आणि पात्याचा विचार सर्वांत शेवटी करावा, हे मला अनुभवाने पटलेले आहे.

मराठवाड्यातले भूजल बेसाल्ट खडकाच्या भेगांतून झिरपत येते आणि येताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) या क्षारांमुळे येणारा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा, असे म्हटले आहे. तुमच्या बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमत असेल, तर प्रयोगशाळेत न जाताही पाण्याचा स्वभाव कळतो. दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार. कॅल्शियमशी गाठ पडली की त्यांचा न विरघळणारा चिकट साका होतो, म्हणजे जो साबण फेसाच्या कामी यायचा तो पाण्यातले क्षार निपटण्यातच खर्ची पडतो. असा फेस आरशात भरगच्च दिसतो, परंतु एका गालावरून रेझर फिरेपर्यंत दुसऱ्या गालावर वाळून जातो आणि मानेपर्यंत पोचताना पाते जवळजवळ कोरड्या कातडीवर घासत असते. पुटकुळ्या गालावर न येता मानेवरच का येतात, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उपाय स्वस्त आहे. ब्रश भिजवण्यासाठी आणि फेस करण्यासाठी आरओच्या जारचे एक पेलाभर पाणी घ्या. नुसत्या यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या) यंत्रातून आलेल्या पाण्याचा कठीणपणा कमी होत नाही, हे लक्षात ठेवावे. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरचे पागोळीचे पाणी धरून ठेवता आले, तर त्यासारखे दुसरे पाणी नाही. तोंड धुण्यासाठी आणि रेझर विसळण्यासाठी बोअरचेच पाणी चालेल.

फेस करण्याआधी केस भिजणे महत्त्वाचे आहे. गावाकडे पूर्वी न्हावी साबणाशिवाय, नुसते पाणी लावून, बोटांनी बराच वेळ दाढी चोळत आणि मगच वस्तरा लावत. त्यांची ती चोळण्याची सवय शास्त्राला धरून होती, कारण पाणी शोषून केस फुगतो, मऊ होतो आणि त्याला कापायला कमी जोर लागतो. यासाठी कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटे पुरतात, म्हणून आंघोळ आधी आणि दाढी नंतर हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो.

आता प्रत्यक्ष फेस. ब्रश झटकून त्यातले जास्तीचे पाणी काढा आणि साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट तरी फिरवा. बहुतेक लोक पाच-दहा सेकंदांतच उचलतात आणि साबण कमी पडतो. वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर ब्रश फिरवताना बोट बुडवून पाणी थेंबाथेंबाने वाढवत जा. सुरुवातीला फेस घट्ट, निस्तेज आणि ओढल्यासारखा असतो. थेंब वाढतील तसे मोठे बुडबुडे नाहीसे होतात आणि तो चांगल्या विरजलेल्या दह्यासारखा तुकतुकीत दिसू लागतो. थोडा फेस अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये घेऊन दाबून पाहा: बोटे एकमेकांवरून सहज घसरली तर तो तयार आहे, अडखळली तर पाणी कमी आहे, आणि फेस पातळ होऊन वाहू लागला तर साबण कमी आहे.

उरलेले अर्धे उत्तर केसांच्या दिशेत आहे. गालावरचे केस बहुधा वरून खाली वाढतात, त्यामुळे वरून खाली रेझर ओढण्याचा हात बसतो आणि तोच हात आपण मानेवरही चालवतो. मानेचे केस मात्र पुष्कळ जणांचे खालून वर किंवा आडवे वाढतात आणि काहींना कंठमण्याच्या बाजूला चक्क भोवरा असतो. अशा मानेवर वरून खाली रेझर ओढणे म्हणजे पहिल्याच हाताला उलटी दाढी करणे होय. दोन दिवस दाढी राखा, मग मानेवरून बोटे चारही दिशांना फिरवा; ज्या दिशेने खुंट गुळगुळीत लागतात ती केसांची दिशा. पहिला हात त्याच दिशेने चालवायचा, मग चेहरा ओला करून पुन्हा फेस लावायचा आणि दुसरा हात आडवा चालवायचा. मानेवर उलटा हात निदान महिनाभर वर्ज्य करा. केस कुरळे असतील तर तो कायमचाच सोडलेला बरा, कारण कातडीच्या पातळीखाली कापला गेलेला कुरळा केस वाढताना पुन्हा कातडीतच शिरतो, आणि तुमच्या पुटकुळ्यांमध्ये अशा केसांच्या पुटकुळ्याही असू शकतात.

दाब आणि कोन या गोष्टी हाताला हळूहळू समजतात. कार्ट्रिजच्या, म्हणजे पात्यांसकट तयार डोके बसवायच्या, रेझरचे डोके हलते, त्यामुळे तो दाब थोडाफार सांभाळून घेतो. सेफ्टी रेझरचे डोके स्थिर असते आणि दिलेला सगळा जोर थेट धारेवर जातो. मूठ दांड्याच्या टोकाकडे, हलकी धरा. डोक्याचा वरचा भाग गालाला टेकवा, दांडा हळूहळू खाली आणा, आणि केस कापल्याचा बारीक आवाज येऊ लागला की तिथेच थांबा. तो कोन साधारण ३० अंशांचा असतो. फटकारे दोन-तीन सेंटिमीटरचेच ठेवावेत आणि मोकळ्या हाताने कातडी ताणून धरावी, विशेषतः जबड्याच्या हाडाखाली.

दाढी झाल्यावर गार पाण्याने चेहरा धुऊन तुरटीचा खडा फिरवा. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला जी तुरटी आणतात तीच चालते, फक्त तिच्या धारदार कडा आधी पाण्याखाली घासून गोल करून घ्या. जिथे चरचरेल तिथे दाब किंवा कोन चुकला असे समजावे आणि पुढच्या वेळी तेवढ्याच जागी लक्ष द्यावे. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुऊन टाका, नाहीतर कातडी कोरडी पडते. एप्रिल-मे महिन्यांत ताज्या दाढीवर घाम झोंबतो, म्हणून त्या दिवसांत मी दाढी रात्री करतो.

पात्याविषयी थोडक्यात सांगतो. एकच पाते निवडून महिनाभर तेच वापरा, एका पात्यावर चार-पाच दाढ्यांपेक्षा जास्त करू नका, आणि ते टॉवेलने पुसू नका. बोअरच्या पाण्याचा थेंब धारेवर वाळला की क्षार तिथेच बसतात, म्हणून शेवटी रेझर पेल्यातल्या उरलेल्या जारच्या पाण्यात बुडवून झटकून ठेवावा.

हे सगळे सुरू करण्यापूर्वी चार-पाच दिवस दाढी करू नका, म्हणजे आहेत त्या पुटकुळ्या बसतील. त्यांत पू दिसत असेल तर मात्र आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.