नळी निघाली, आता खरी ड्युटी

प्रिय बाळा,

काल रात्री आमच्या ड्रायव्हरसाहेबांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा फोन आला. पोरगं घरी आलं म्हणाले, छातीतली नळी काढली, टाके आहेत अजून, आणि मग जरा थांबून, "पण बोलत नाही रे, नुसता ऑपरेशनच्या बाजूला वाकून बसतो." हे वाकून बसणं ऐकलं आणि माझ्याच उजव्या बरगडीत कळ आली. 2016 साली मी पण डिट्टो तसाच बसायचो, आणि त्या बसण्यापायी परत ऍडमिट व्हायची पाळी आली. म्हणून लिहितोय. फोनवर तू हो काका हो काका म्हणून ठेवून देशील, लिहिलेलं निदान उशाखाली राहतं.

आधी एक क्लिअर करू, तुझं आणि माझं ऑपरेशन एक नाही. माझा उजवीकडचा खालचा लोब, म्हणजे फुफ्फुसाचा एक भाग, काढला. उजव्या फुफ्फुसाला तीन लोब असतात, डाव्याला दोन. माझा तो खालचा जुन्या इन्फेक्शननं पार खराब झालेला, रोज सकाळी वाटीभर बेडका पडायचा. तुझं फुफ्फुस आहे तिथंच आहे. टीबीमुळं छातीत पाणी झालं, पाण्याचा पू झाला आणि फुफ्फुसावर जाड साल चढली, करवंटीत खोबरं अडकावं तसं ते आत आवळून बसलं. डॉक्टरांनी ती साल सोलून काढली, डिकॉर्टिकेशन म्हणतात त्याला. म्हणजे लोकं जे म्हणतायत ना की पोराचं फुफ्फुस काढलं, ते चूक आहे, काढली ती साल, फुफ्फुस मोकळं केलं. पण मोकळं केलेलं फुगवायचं कोणी? सर्जन काय घरी येणार नाही. ते तुझं काम, आणि ते ह्याच काही आठवड्यांत करायचं, कारण फुफ्फुसानं ती जागा भरली नाही तर तिथं परत पाणी साचायला वाव राहतो.

आता मी काय माती खाल्ली ते ऐक. घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी पेनकिलर बंद केली. गल्लीतल्या एकानं सांगितलं किडनी जाते, आणि आपल्याला पण वाटलं की 51 वर्षांचा गडी, घाटातल्या बसमधे उभा राहून कंडक्टरची नोकरी केलेला, एवढं सहन होत नाही का. गोळी बंद झाल्यावर दुखायला लागलं, दुखतंय म्हणून श्वास अर्धाच घ्यायचो, खोकला आला की ओठ मिटून दाबायचो, आणि बायको म्हणायची शांत झोपलेत, बरं वाटतंय वाटतं. चार दिवसांत ताप. खाली कफ साचून फुफ्फुसाचा तेवढा भाग बसला आणि न्यूमोनिया झाला. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त विचारलं गोळ्या किती उरल्यात. खिशातली स्ट्रिप काढून मोजल्या, 14. त्यांनी पण मोजल्या आणि परत माझ्या हातात दिल्या.

तर गोळी वेळेवर घे, दुखायला लागायच्या आधी, पोटात काहीतरी घालून. दुखायचं पूर्ण थांबणार नाही, पण खोकता आलं पाहिजे एवढ्यासाठी ती असते. गोळी घेतली की अर्ध्या तासानं व्यायामाला बस. कमी करायची वेळ आली की डॉक्टरच कमी करतील, गल्लीतला नाही. आणि काही पेनकिलरनं पोट घट्ट होतं, संडासात जोर देताना टाक्यांत जी कळ येते ती दुश्मनाला पण नको, त्यामुळं पाणी भरपूर पी आणि डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल घे. हे कोणी सांगत नाही, लाजतात.

ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं यंत्र दिलंय ना तुला, शोकेसमधे ठेवू नको. त्यावर 600, 900, 1200 लिहिलेलं असतं, सेकंदाला किती मिली हवा ओढली ते. पहिल्या दिवशी मी त्यात जोरात फुंकर मारली, बॉल काय हलेना, मी म्हणलं पीस खराब आलाय. शेजारच्या बेडवरचा म्हातारा हसला, त्याला हसताना पण दुखत होतं बिचाऱ्याला, म्हणाला, "अहो कंडक्टर, ओढायचं आत, हुक्क्यासारखं." तर आत ओढायचं. ओठ नळीभोवती घट्ट मिटून, सावकाश. झटका मारून तिन्ही बॉल टाणकन वर उडवण्यात काही कौतुक नाही, एकच बॉल वर जाऊन दोन-तीन सेकंद तिथं टिकला तर ते खरं. जागा असशील तेव्हा दर तासाला दहा वेळा, मधे मधे थांबून, नाहीतर चक्कर येते. मोबाईलवर अलार्म लाव, तसाही तो हातातच असतो तुझ्या.

मग खोकला. ह्याला सगळे घाबरतात, टाके तुटतील म्हणून. टाके खोकल्यानं असे तुटत नाहीत. मी सोलापुरी चादरीची चौकोनी घडी करून ठेवलेली, जाडजूड, ती जखमेवर धरायची, हातानं घट्ट आवळायची, मान थोडी पुढं, आणि आधी दोन-तीन खोल श्वास. मग एकदम खोकायचं नाही, आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडं ठेवून ‘हा’ करायचं, दोनदा तीनदा, त्यानं कफ वर सरकतो, मग एक खोकला. बेडका पडला की बघायचा, किळस करायची नाही. पिवळट चालतो थोडे दिवस. हिरवा, वास मारणारा किंवा रक्ताचा पडला तर फोन.

अंथरुणातून उठताना सरळ उठायला जाऊ नको आणि कोणाला काखेत हात घालून ओढू पण देऊ नको, आमच्या मेहुण्यांनी प्रेमानं असं ओढलेलं की डोळ्यांपुढं काजवे. चांगल्या बाजूच्या कुशीवर वळ, पाय खाली सोड, कोपरावर जोर दे. झोपताना दोन-तीन उशा लावून तिरकं झोप. शर्ट पुढून बटणाचे घाल, टीशर्ट डोक्यातून काढताना रडशील.

आता माझा आवडता विषय, खांदा. तुला आठवतं का, लहानपणी तू आमच्या कराड-चिपळूण गाडीत बसायचास आणि बेलची दोरी ओढायचा हट्ट करायचास? एक बेल थांब, दोन बेल चल. तर ऑपरेशननंतर महिन्यानं मी डेपोत सहज गेलो, उभ्या गाडीत चढलो आणि सवयीनं दोरीला हात घालायला गेलो तर हात खांद्याच्या वर जाईचना. म्हणजे दुखतंय म्हणून नाही, जातच नव्हता, गंजलेल्या बिजागरीसारखा. रिकाम्या गाडीत घाम फुटला मला. चीर काखेखालून मागं पाठीकडं जाते, तिथले स्नायू दुखतात म्हणून आपण हात पोटाशी धरून ठेवतो, खांदा पडतो, पाठ वाकते, आणि थोड्याच आठवड्यांत तो खांदा आखडून बसतो. ऑपरेशन छातीचं आणि माणूस बसलाय खांदा शेकत.

त्यावर फिजिओथेरपिस्ट पोरीनं जे सांगितलं ते तुला सांगतो. भिंतीपुढं उभं राहायचं आणि त्या बाजूच्या हाताची बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चालवायची, जिथं थांबतील तिथं पेन्सिलीनं खूण. मी किचनच्या दारामागं खुणा केलेल्या, शेजारी तारीख, बायको म्हणायची रंग कोण देणार. पहिली खूण माझ्या हनुवटीच्या लेव्हलला होती. कधी कधी तीन दिवस एकाच रेघेवर, कधी एकदम चार बोटं वर. दोरीच्या उंचीला पोचायला मला सात आठवडे लागले. तू तरुण आहेस, तुला कमी लागतील, पण आजच चालू कर, आणि आरशासमोर बसून बघ दोन्ही खांदे एका लेव्हलला आहेत का. वाकून बसायचं नाही म्हणजे नाही.

एक गोष्ट होईल तिला घाबरू नको. छातीचा पुढचा भाग, निपलच्या खाली, बधिर लागेल, हात लावला तर दुसऱ्याचं कातडं असल्यासारखं, आणि तिथंच मधूनच करंट बसेल किंवा आग होईल, नुसता शर्ट घासला तरी. कोणीतरी पट्टा आवळलाय असं पण वाटतं. प्रत्येक बरगडीच्या खालून एक नस जाते, ऑपरेशनला फासळ्या फाकवतात किंवा दुर्बीण घालतात तेव्हा ती दाबली जाते. ती सावकाश शांत होते, काही महिने घेते. फारच झालं तर नसेची वेगळी गोळी असते, डॉक्टरांना सांगायचं. मला अजून पावसाळ्यात कधीतरी करंट मारतो, आम्ही त्याला डेपो मॅनेजर म्हणतो, न सांगता येतो.

चालायचं रोज. मी लाईटचे पोल मोजायचो, पहिल्या दिवशी दोन पोल जाऊन परत, मग तीन. चालताना बोलता आलं पाहिजे, तिकीट तिकीट ओरडता नाही आलं तरी चालेल पण वाक्य पुरं व्हायला हवं, नाहीतर स्पीड जास्त आहे. जिना चढताना आणि जोर लावताना श्वास सोडायचा, ओठ चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तशी. श्वास कोंडून काही उचलायचं नाही. तसंही सहा-आठ आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचंच नाही, सिलेंडर तर लांबच, भरलेला 30 किलोच्या घरात जातो तो. आणि तुझी ती गाडी, महिना दीड महिना तिच्यावर चादर घाल. डॉक्टरांनी हो म्हणल्याशिवाय किक मारायची नाही, नसेची गोळी चालू असेल तर झोप येते त्यात अजून. आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुला माहीतच आहेत.

जेवण थोडं थोडं पाच-सहा वेळा घे, पोट गच्च भरलं की छातीला जागा कमी पडते. अंडी, डाळ, मटकी, चिकन जे आवडतं ते. आईनं लाडू केले असतील ते पण खा, पण नुसत्या लाडवावर जखम भरत नाही.

टीबीच्या गोळ्यांचं मात्र मी हात जोडून सांगतो. ऑपरेशन झालं म्हणजे टीबी गेला असं नसतं, कोर्स पुरा करायचा, साधारण सहा महिने, डॉक्टर वाढवतील तर जास्त. लघवी केशरी होते ती गोळीमुळं, रक्त नाही ते. डोळे पिवळे दिसले, सारखी उलटी व्हायला लागली तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. आणि निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते, पैसे खात्यात येतायत का बघ, महिन्याला 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत, बाबांना सांग आरोग्य केंद्रात बँक पासबुक देऊन विचारायला. तुझं ताट वेगळं काढलंय असं कळलं मला. आत्याला माझं नाव सांग, ताट-वाटीनं टीबी पसरत नाही, हवेतनं पसरतो, तो पण औषध नीट चालू नसलं की जास्त. खोकताना तोंडाला रुमाल आणि खिडक्या उघड्या, बास. घरात उदबत्ती, धूप, मच्छर कॉईल बंद. तुझ्या बाबांना पण बजावलंय, बिडी गेटाबाहेर, आणि जमलं तर तिथं पण नको.

नळीच्या भोकातून एक-दोन दिवस थोडं पाणी येतं, चालतं. पण ड्रेसिंग सारखं भिजतंय, पू येतोय, 101 च्या वर ताप, तर थांबायचं नाही. मान-छातीचं कातडं फुगून दाबल्यावर थर्माकोलसारखं चुरचुरलं तर हवा शिरलीय, लगेच हॉस्पिटल. खोकल्यावर भोकातून हवेचा आवाज आला तर त्यावर जाड गॉज दाबून धरून निघायचं. बसल्या जागी अचानक धाप, छातीत कळ, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर रात्र असो काही असो 108 ला फोन. ऑक्सिमीटर मात्र सारखा लावू नको, गार बोटाला काहीही आकडा दाखवतं ते, दिवसातून दोनदा पुरे आणि डॉक्टरांनी जी लिमिट सांगितलीय तिच्या खाली गेलं तर कळव.

रात्री तीनला जाग येते का? मला यायची, आणि रडू यायचं, कारण काहीच नाही. माझी तर पुढची भीती होती, एवढ्याशा फुफ्फुसावर आता किती वर्षं. तेव्हा हॉस्पिटलमधल्या एका केरळच्या नर्सनं सांगितलं की त्यांचे पोप, फ्रान्सिस, त्यांचा उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग 1957 मधे काढलेला, जेमतेम 20 वर्षांचे होते, तुझ्याएवढेच. मला तेव्हा वाटलं बाई धीर द्यायला काहीतरी सांगतीय. पण खरं होतं ते, एप्रिल 2025 मधे वारले तेव्हा पेपरात पण आलं, 88 वर्षांचे होऊन. तुझं तर अख्खं फुफ्फुस जागेवर आहे.

रविवारी येतो. दुपारचं, तुझी झोप झाल्यावर. येताना सोलापुरी चादर आणतोय, तीच जुनी. तू भिंतीवर पहिली खूण करून ठेव, तारीख घालून, आईला म्हणावं रंगाचे पैसे काका देतील. आणि तुमचा दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही हे लक्षात आहे माझ्या, तेव्हा दाराशी एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या काढून ठेव, वर येईपर्यंत तुझ्याआधी मलाच धाप लागणार आहे.

तुझा,
कंडक्टर काका