पायांच्या आगीवर ‘डिप्रेशनची गोळी’ कशाला?

अमळनेरकडच्या एक मावशी, जुनी शुगर. रात्र झाली की तळपाय पेटायचे, चादर लागलेलीही सोसायची नाही. डॉक्टरांनी रात्रीसाठी अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम लिहून दिली. भाच्याने मोबाइलवर नाव टाकलं, ‘डिप्रेशन’ आलं, आणि चौथ्या दिवशी गोळी बंद. “मी काय येडी शे का?” बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच.

नाही, मावशी. तुमची गोळी ट्रायसायक्लिक नावाच्या औषधगटातली. त्या गटातलं पहिलं औषध, इमिप्रामिन, १९५० च्या दशकात नैराश्यावर वापरात आलं आणि ‘डिप्रेशनची गोळी’ हेच नाव अख्ख्या गटाला चिकटलं. वेदनेला लगाम घालणारे संदेश मेंदूकडून मणक्यात उतरतात ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनच्या जोरावर. गोळी ही द्रव्यं तिथे जास्त वेळ टिकवते, म्हणून मन उदास नसलं तरी आग कमी होऊ शकते. अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणूनही हीच देतात. नैराश्यात डोस सहसा ७५ किंवा त्याहून जास्त, मावशींचा १०.

गोळी सुटली त्याला गुंगीही कारण होती. अकराला गोळी, पाचला उठून चुलीशी. मग तोल जाणारच. डॉक्टरांना विचारून वेळ रात्री आठवर आणली. अंथरुणातून उठताना दोन मिनिटं काठावर बसायचं, वैशाखात तर नक्कीच. तोंड कोरडं पडलं तर पाण्याचे घोट घ्यायचे, सरबत नको. ही डोकेदुखीची गोळी नव्हे, चार दिवसांत तिची परीक्षा होत नाही. डोस डॉक्टर हळूहळू वाढवतात आणि सोसेल त्या डोसवर सहा ते आठ आठवडे पाहतात. सवय लागत नाही, पण महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम तोडली की मळमळ, डोकेदुखी, झोपमोड होते. म्हणून बंद करतानाही टप्प्याटप्प्याने.

खरी भीती वेगळीच आहे. “झोप येते ना?” म्हणत घरातले काका त्यातलीच एक उचलतात, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी तुंबते. एकदम जास्त पोटात गेल्या तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून पाकीट कपाटात, कुलपात. हृदयविकार, काचबिंदू किंवा दुखण्यावर ट्रॅमाडॉल चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

गोळी आग शमवते, शुगरने बिघडलेली नस दुरुस्त करत नाही. शुगर आटोक्यात हवीच. रोज संध्याकाळी तळपाय सुनेला दाखवा, शेतात अनवाणी नको. पायावर गरम पाणी घेण्याआधी कोपर बुडवून पाहा, कारण बधिर पायाला चटका कळत नाही.