'पालक वर्ग' की 'मूळ वर्ग'?

प्रश्न असा: प्रोग्रामिंगमधल्या पेरेंट क्लासला 'पालक वर्ग' आणि चाइल्ड क्लासला 'बाल वर्ग' म्हणावे का? (क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणारा साचा; पेरेंट क्लासवरून बेतलेला नवा क्लास तो चाइल्ड क्लास.)

म्हणू नये. 'पालक वर्ग' म्हटले की शाळेतली सभा डोळ्यांपुढे येते आणि 'बाल वर्ग' म्हणजे तर बालवाडीच! पण खरी अडचण वेगळी आहे. मुलगी हा आईचा 'प्रकार' नसतो. इथे मात्र नवा वर्ग जुन्याचा प्रकार असावाच लागतो. नात्यांच्या शब्दांत ही अट लपते. या बेतण्याला (इनहेरिटन्सला) 'वारसा' म्हटले तर त्या शब्दाने आयते मिळण्याचीच अपेक्षा तयार होते, आणि निव्वळ तयार कोडच्या मोहाने वर्ग जोडले जातात. जावा भाषेच्या लायब्ररीतला स्टॅक, म्हणजे चळत, हा वर्ग व्हेक्टर या यादीच्या वर्गापासून साधला, म्हणजे त्यावरून बेतला, आहे. परिणामी ज्या चळतीत फक्त वरूनच ठेवायचे-काढायचे, तिच्या मध्येही घटक घुसवता येतो.

'मूळ वर्ग' आणि 'साधित वर्ग' ही जोडी उत्तम. साधित शब्द व्याकरणात आपल्या परिचयाचे आहेतच. शिवाय 1967 च्या सिम्युला भाषेत मूळ वर्गाचे नाव नव्या वर्गाच्या घोषणेआधी लिहीत आणि त्याला प्रीफिक्स, म्हणजे उपसर्गच, म्हणत. 'उपवर्ग' चालेल, पण 'उप'मुळे तो लहान वाटतो. प्रत्यक्षात त्यात मूळ वर्गाइतके किंवा जास्तच असते.

व्याकरणाची उपमा एका जागी तुटते. 'गुण'ला 'अव' लागून अर्थ उलटतो. साधित वर्गाला ती मुभा नाही. आयतापासून चौरस साधला, रुंदी 5 आणि उंची 4 दिली, तर आयत समजून लिहिलेला कोड 20 क्षेत्रफळ धरतो. चौरस दोन्ही बाजू 4 करून 16 देतो. बाजू नंतर बदलताच येत नसतील, तर मात्र ही जोडी निर्धोक आहे.

साधावे की नाही, हे विभक्तीवरून बऱ्यापैकी कळते. 'बचत खाते हे खाते आहे': दोन्ही पदे प्रथमेत, साधायला हरकत नाही. 'गाडीत इंजिन आहे': सप्तमी आली, तेव्हा इंजिन गाडीच्या आत घटक म्हणून ठेवावे. अहवालाच्या 3 मांडण्या आणि तो पाठवायचे 4 मार्ग असतील, तर प्रत्येक जोडीसाठी वर्ग साधत गेल्यास 12 होतात. मार्ग अहवालात घटक म्हणून ठेवला की 7 पुरतात, आणि पाचवा मार्ग आला तर तीनऐवजी एकच वर्ग वाढतो.