वाचकांचे प्रश्न : माऊस बाजूला, हात कीबोर्डवर

टायलिंग विंडो मॅनेजर म्हणजे विंडो एकमेकींवर न टाकता शहाबादी फरशीसारख्या कडेला कड लावून बसवणारा प्रोग्राम. सोलापूरच्या वाचकांचे या विषयावरचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सगळे आयथ्री (i3) या अशाच एका प्रोग्रामबद्दल आहेत. मायकेल स्टापेलबर्ग यांनी सुरू केलेला हा प्रोग्राम २००९पासून मोफत मिळतो.

प्रश्न : उबंटूवर आयथ्री टाकलं. लॉगिन केल्यावर काळा पडदा आणि खाली एक पट्टी, एवढंच दिसतं. मेनू नाही, आयकॉन नाहीत. इन्स्टॉल करताना काही चुकलं का? – जुळे सोलापूर

काही चुकलेलं नाही, ते असंच दिसतं. पहिल्या लॉगिनला एक छोटी विंडो दोन गोष्टी विचारते: कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल तयार करू का, आणि मुख्य बटण सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं) हवं की ऑल्ट. सुपरच घ्या. ऑल्ट घेतलंत तर लिब्रेऑफिसमधले ऑल्टचे बरेच शॉर्टकट आयथ्री मधेच पकडेल.

आता सुपर-एंटर दाबा, टर्मिनल (कमांड टाइप करायची विंडो) उघडेल. पुन्हा दाबा, शेजारी दुसरं येईल. मग उजव्या टर्मिनलमध्ये असताना सुपर-व्ही दाबा. काहीच घडलं नाही असं वाटतं आणि नवखे इथेच अडतात. सुपर-व्ही विंडोचे तुकडे करत नाही, पुढची विंडो कुठे बसणार तेवढं ठरवतं. नीट पाहा: विंडोच्या खालच्या कडेला आता एक निळी रेघ आलेली असते. सुपर-एंटर दाबलंत की तिसरं टर्मिनल बरोबर त्या रेघेच्या बाजूला, म्हणजे खाली उघडतं. शेजारी हवं असेल तर आधी सुपर-एच. ही रेघ बघायची सवय लागली की अर्धं आयथ्री आलं.

मेनूच्या जागी सुपर-डी. वर एक बारीक पट्टी येते, तिच्यात प्रोग्रामचं नाव टाइप करून एंटर. विंडो बंद करायला सुपर-शिफ्ट-क्यू, पूर्ण पडदा सुपर-एफ. एका विंडोवरून दुसरीवर जायला सुपर आणि बाणांची बटणं. सुपर आणि आकडा दाबला की त्या क्रमांकाचं वर्कस्पेस (विंडो मांडायचा वेगळा पडदा) येतं, सोबत शिफ्ट दाबलं तर चालू विंडो तिकडे जाते. चौदा इंची लॅपटॉपवर एका वर्कस्पेसमध्ये दोनच विंडो ठेवाव्यात; तिसरीपासून ओळी इतक्या अरुंद होतात की वाचवत नाही. तेव्हा सुपर-डब्ल्यूनं टॅब करून घ्या. पहिला आठवडा एवढीच बटणं पुरेत. आणि जुनं डेस्कटॉप काढून टाकू नका. घाईचं काम आलं की लॉगिनच्या पडद्यावरच्या दातेरी चाकातून तिकडे जाता येतं.

प्रश्न : मी दिवसभर मराठी टाइप करते, म्हणून कीबोर्ड कायमचा मराठी करून ठेवला. तेव्हापासून सुपर-एंटर चालतं, पण सुपर-डी नाही आणि आकड्यांनी वर्कस्पेसही बदलत नाही. घरी तेलुगूही लागतं, तेही बसवता येईल का? – अशोक चौक

तुमचं निरीक्षण अचूक आहे आणि कारण त्यातच आहे. आयथ्रीच्या फाइलमध्ये ‘डी’ हे इंग्रजी अक्षर लिहिलेलं असतं. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीत) त्या बटणावर हलन्त असतो आणि वरच्या ओळीत १, २, ३ हे देवनागरी आकडे. कीबोर्ड फक्त मराठी असला की आयथ्रीला ‘डी’ कुठेच सापडत नाही. एंटर दोन्हीकडे एंटरच, म्हणून तेवढं चालतं.

उपाय म्हणजे इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी ठेवणं. मग मराठी चालू असतानाही शॉर्टकट पहिल्या भाषेच्या जागांवरून चालतात. तेलुगू तिसरी लावा. एकूण चार भाषांपर्यंत सोय आहे. इनस्क्रिप्टमध्ये दोन्ही लिप्यांची अक्षरं त्याच जागांवर असतात, मराठी ‘क’चं बटण तेच तेलुगू ‘क’चं. म्हणजे बोटांना नवं काही शिकायचं नाही.

उबंटू किंवा डेबियनवर हे इटीसी फोल्डरातल्या डिफॉल्ट फोल्डरात, कीबोर्ड नावाच्या फाइलमध्ये लिहा. लेआउटच्या ओळीत यूएस, आयएन, आयएन. व्हेरियंटच्या ओळीत आधी दोन स्वल्पविराम आणि मग टेल. स्वल्पविराम विसरलात तर तेलुगूचा व्हेरियंट इंग्रजीला लागू होतो, तसा लेआउट नसतो आणि कीबोर्डचा नकाशाच लोड होत नाही. भाषा बदलायला ऑप्शनच्या ओळीत कॅप्सलॉक नेमा. ऑल्ट-शिफ्ट नको, ते दुसऱ्या शॉर्टकटच्या मधे येतं. मग मशीन रीस्टार्ट करा.

हीच मांडणी सेट-एक्सकेबी-मॅप या कमांडनं आयथ्रीच्या फाइलमधूनही करता येते, पण यूएसबी कीबोर्ड काढून पुन्हा लावला की ती बहुधा पुसली जाते. म्हणून वरची फाइलच बरी. एक लक्षात ठेवा: सुपर-डीच्या पट्टीत नाव टाइप करताना भाषा इंग्रजीच हवी.

प्रश्न : टॉवेलच्या ऑर्डरींचा हिशेब करताना कॅल्क्युलेटर उघडला की तो अर्धा पडदा व्यापतो. – अक्कलकोट रोड एमआयडीसी

तो तरंगता ठेवा. तात्पुरतं करायचं तर सुपर-शिफ्ट-स्पेस. कायमचं करायचं तर टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप चालवा, माऊसचं फुलीसारखं चिन्ह होईल, त्यानं कॅल्क्युलेटरवर क्लिक करा. डब्ल्यूएम-क्लास या ओळीत दोन नावं दिसतील; त्यातलं दुसरं घ्यायचं, कॅपिटल अक्षरं असतील तशीच. बहुतेकांचा नियम इथेच फसतो, कारण ते पहिलं नाव घेतात. मग कॉन्फिग फाइलमध्ये फॉर-विंडोची ओळ लिहून, कंसात ते नाव आणि पुढे फ्लोटिंग एनेबल. सुपर-शिफ्ट-सी दाबून फाइल पुन्हा वाचायला लावा आणि कॅल्क्युलेटर बंद करून उघडा. हा नियम विंडो उघडताना लागतो. ओळीत चूक असेल तर वर लाल पट्टी येते, तिच्यावरच्या बटणातून चुकीची ओळ दिसते.

प्रश्न : लाइट गेली आणि आली की सगळ्या विंडो गेलेल्या असतात. आयथ्री त्या परत का उघडत नाही? – होटगी रोड

काय उघडं होतं याची नोंद आयथ्री ठेवतच नाही. रोजचे प्रोग्राम कॉन्फिग फाइलमध्ये एक्झेकच्या ओळींनी सुरू करा आणि असाइनच्या ओळींनी प्रत्येकाचं वर्कस्पेस नेमा, नाव एक्सप्रॉपमधलंच. लॉगिन केलं की मांडणी तयार मिळेल. मजकूर मात्र असा परत येणार नाही. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत ऑटोरिकव्हरीची वेळ तीन मिनिटांवर आणा, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर तो आधी घ्या.

प्रश्न : चार जीबी रॅमचं जुनं मशीन यानं वेगवान होईल का? – विजापूर रोड

थोडंसं. आयथ्री स्वतः फार कमी रॅम घेतं, पण ब्राउझर पूर्वीइतकीच घेतो. दहा टॅब उघडे ठेवणार असाल तर फरक जाणवणार नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकलीत तर जाणवेल.