कान मोकळे, हात तेलात

प्रश्न : नमस्कार बाई. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्या पुढच्या एका गावात राहते. वय ३८. काजूच्या फॅक्टरीत कामाला जाते. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत होते आणि तेव्हा माझा नंबर वरचा असायचा. पाचवीपासून हायस्कूल, सगळं इंग्लिशमधून. तिथं जे अडलं ते अडलंच, आणि नववीत शाळा सुटली. आता फॅक्टरीत ग्रेडिंगच्या टेबलावर देखरेखीला बाई हवी आहे, पण दहावी पास पाहिजे म्हणतात. रात्री जेवणखाण आवरून पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. दिवसभर मात्र हात कामात आणि कान रिकामे. दहावीचे धडे मोबाइलवर नुसते ऐकून परीक्षा देता येईल का? घरात मुलगी आठवीत आहे, ती मोबाइलचं सगळं बघते. शेजारी एकजण म्हणतो सतरा नंबरचा फॉर्म भर. दुसरा म्हणतो, पैसे दिले की सर्टिफिकेट घरपोच येतं.
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : घरपोच सर्टिफिकेटवाल्याचं आधी मिटवू. तो कागद कुणी पडताळून पाहिला तर नवी जागा मिळणार नाहीच, हातातली नोकरीही जाईल. त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. सतरा नंबरचा फॉर्म खरा आहे, पण तो महाराष्ट्राच्या मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. तुम्ही इथं राहता, इथं काम करता. त्यासाठी सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या खेपा कशाला?

तुमच्यासाठी सरळ रस्ता आहे तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. ही केंद्र सरकारची संस्था, १९८९ साली सुरू झाली. तिची दहावी इतर मंडळांच्या दहावीइतकीच धरतात. वय १४ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. आठवीचा दाखला सापडला तर उत्तम, नाही तर दहावीचा अभ्यास झेपेल एवढं मला येतं, असं स्वतःच लिहून देता येतं. पाच विषय घ्यायचे, त्यात एक भाषा असलीच पाहिजे. पास व्हायला ३३ टक्के. नोंदणी ५ वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतं, पास झालेला विषय जमेला राहतो.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मी दोनदा वाचली, तिच्याकडे येते. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्लिश. मी जन्मभर फोंड्याकडच्या हायस्कुलात मराठी शिकवलं आणि पाचवीच्या वर्गात जूनमध्ये येणारे ते चेहरे मला चांगले ठाऊक आहेत. जी मुलगी चौथीत हात वर करून उत्तर द्यायची, ती विज्ञानाच्या तासाला खाली मान घालून बसायची. तिला पाणी कसं उकळतं ते माहीत होतं, 'बॉयलिंग पॉइंट' माहीत नव्हता. आपल्याकडे हे इतकं सवयीचं झालंय की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला वाटतं, आणि निवृत्तीनंतर ते बोलायला आता कुणाची भीती नाही.

सांगायचं हे की एनआयओएसची दहावी मराठी माध्यमातून देता येते. फॉर्म भरताना माध्यमाच्या रकान्यात मराठी लिहा आणि तुमच्या पाचही विषयांची पुस्तकं मराठीत मिळतात ना, हे अभ्यासकेंद्रात विचारूनच विषय पक्के करा. तुम्ही चौथीत जिथं थांबलात तिथून पुढचा धागा धरता येईल. इंग्लिश भाषा म्हणूनही घ्यायलाच हवी असं नाही.

गणितही सक्तीचं नाही. काजूची डब्ल्यू-३२० प्रत म्हणजे एका पौंडात साधारण ३२० गर, हे तुम्हाला ओंजळीत घेतल्यावर कळतं, तेव्हा तुम्हाला हिशेब येत नाही असं मी म्हणणार नाही. पण बीजगणित कानांनी शिकता येत नाही. पुढेमागे आयटीआयच्या एखाद्या ट्रेडला जायचं मनात असेल तर गणित-विज्ञान लागतं. तसा विचार झालाच तर पाचावर आणखी दोन विषय घ्यायची सोय आहे. आत्ता मराठी, गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र अशांकडे बघा. गृहविज्ञानाला प्रात्यक्षिक असतं आणि त्यात वेगळं पास व्हावं लागतं, पण घर चालवणाऱ्या बाईला त्याची धास्ती नको.

ऐकण्याचं विचाराल तर एनआयओएसची 'मुक्त विद्या वाणी' नावाची ध्वनिसेवा इंटरनेटवर आहे, मोबाइलवर ऐकता येते. शिक्षक विषय समजावतात, आधीची व्याख्यानंही मिळतात. मात्र तिथं बहुतेक सगळं हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये. टीव्ही बघून हिंदी कळतं तेवढं पुरेल, धडा डोक्यात शिरेल. पण उत्तरपत्रिका मराठीत लिहायची, तर ते शब्द मराठीतूनच कानावर पडलेले हवेत. म्हणून माझा आग्रह असा की धडे तुम्हीच रेकॉर्ड करा. पुस्तकांच्या पीडीएफ संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मोबाइल मजकूर वाचून दाखवतो म्हणतात, पण मराठी पीडीएफच्या फाँटपुढे तो पुष्कळदा बोबडा होतो.

रविवारी मुलीला घेऊन बसा. एक पान तिनं वाचायचं, एक तुम्ही. (तिचं मराठी वाचनही सुधारेल, हा माझा आतला डाव समजा.) एक रेकॉर्डिंग दहा-पंधरा मिनिटांचं, त्याहून लांब नको. आणि धडा सलग वाचून संपवू नका. मधे प्रश्न विचारा, मग गप्प राहा, दहापर्यंत मोजा, आणि मगच उत्तर सांगा. 'जीवनसत्त्व क च्या अभावानं काय होतं?' ... 'हिरड्यांतून रक्त येतं, स्कर्व्ही.' त्या रिकाम्या जागेत तुम्ही मनात उत्तर द्यायचं. सगळा अभ्यास तिथं होतो. नुसतं कानावरून गेलेलं ओळखीचं वाटतं आणि पेपरात आठवत नाही.

ऐकून काय लक्षात राहणार, असं कुणी म्हटलं तर त्याला पौषात मांडावर, म्हणजे धालोंची नाचगाणी होतात त्या अंगणात, घेऊन जा. धालोंच्या रात्री आमच्या बायका गाण्यामागून गाणं म्हणतात, हातात कागद नसतो, आणि त्यांतल्या कित्येकींनी ते कधी लिहिलेलं पाहिलेलंही नसतं. समोरच्या रांगेनं ओळ टाकली की दुसरी उचलते. तुमच्या रेकॉर्डिंगमधली ती दहा आकड्यांची जागा हेच करते.

फॅक्टरीतलं काम मी पाहिलेलं आहे, म्हणून दोन गोष्टी बजावते. बी फोडायच्या यंत्रावर बसला असाल तेव्हा ऐकायचं नाही. पात्यापाशी लक्ष पात्यावरच हवं. साल सोलताना, गर निवडताना ऐका, तेही एकाच कानाला लावून, मुकादमाला विचारून. आणि काजूच्या टरफलातलं तेल बोटांना असताना मोबाइलला हात लावू नका. ते चामडी जाळतं, मग चेहऱ्याला लागतं. सकाळी घरून निघतानाच मुलीकडून दिवसाचे तीन-चार तुकडे ओळीनं लावून घ्या, एकामागून एक आपोआप वाजतील असे. मोबाइल पिशवीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच तुकडे, त्यात एक नवा.

आता नावडता भाग. परीक्षा हातानं द्यायची आहे. नववी सोडल्यापासून वाणसामानाच्या यादीपलीकडे तुम्ही काही लिहिलं नसेल, तर पेपर यायचा असूनही अर्ध्यावर हात भरून येईल. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही. 'पाणी' आणि 'पाणि' ऐकायला सारखेच. म्हणून रात्री पुस्तक उघडूच नका, झोप येते ना? दिवसा ऐकलेल्या एका तुकड्यातला एक प्रश्न घ्या, न बघता उत्तर लिहा, एक पान. मग पुस्तक उघडून फक्त शब्द ताडून बघा. रविवारी एखादा उतारा श्रुतलेखनासारखा लावून लिहा. नकाशेही ऐकून येत नाहीत. भारताचा एक नकाशा चुलीपाशी भिंतीवर चिकटवा आणि नद्या बोटानं गिरवा.

केंद्रातून स्वाध्याय मिळतात, ते घरी लिहून द्यायचे असतात. त्यांना २० टक्के गुण आहेत. लोक ते गाईड बघून उतरवतात आणि आयता सराव घालवतात. केंद्रावर संपर्कवर्गही होतात, सुट्टीच्या दिवशी असले तर जरूर जा. तिथं तुमच्या वयाच्या बायका भेटतील.

परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिल-मे म्हणजे सत्तरीत काजूचा हंगाम : बोंडू, बिया, दारूची भाटी. घरातलं कुणीच मोकळं नसतं. तुम्ही चवथ (गणेशचतुर्थी) आटोपून ऑक्टोबरची धरा. पहिल्या खेपेला मराठी आणि गृहविज्ञान एवढेच द्या. फी बायकांना पुरुषांपेक्षा कमी आहे. आधारकार्ड, जन्मतारखेचा पुरावा, फोटो तयार ठेवा. जवळचं केंद्र कुठलं ते संस्थेच्या संकेतस्थळावर मुलगी काढून देईल.

प्रश्न : मुलगा गोवा बोर्डाच्या दहावीत गणित आणि विज्ञानात राहिला. बाकी विषय पास. एनआयओएसमध्ये गेलो तर सगळं पहिल्यापासून का?
— पालक, पेडणे

उत्तर : नाही. पास झालेल्या विषयांपैकी जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण तिकडे वळते करून घेता येतात, उरलेले तीन द्यावे लागतील. पण आधी गोवा बोर्डाच्या पुरवणी परीक्षेचं बघा. दोनच विषय राहिले असताना मंडळ बदलायची घाई मी करणार नाही. आणि मुलाला विचारलंत का?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत 'जीईडी' करते, गाडी चालवताना धडे ऐकते. ते इथून करता येईल का? लवकर होतं म्हणे.
— वास्को

उत्तर : जीईडी ही तिकडची हायस्कूलच्या तोडीची परीक्षा. १९४२ साली युद्धावर गेलेल्या सैनिकांसाठी निघाली. आता तिचे चार पेपर असतात, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा, तेही संगणकावर. प्रत्येकात १४५ गुण लागतात. म्हणजे गणित तिथं सुटत नाही. भाचीला तिकडे नोकरी, कॉलेज करायचं आहे, तिच्यासाठी ती बरोबर. तुम्हाला वास्कोत नोकरी हवी असेल तर वर सत्तरीच्या ताईंना लिहिलंय ते वाचा.